चार कड्यांचं घर

प्रवासाला निघताना माणूस घराला कुलूप लावतो. मी घरच सोबत घेऊन निघाले होते. चाळीस फुटी ट्रेलरवर एकामागे एक ठेवलेले दोन तुकडे. खिडक्यांना काचा, मोरीत नळ, ओट्यावर काळी फरशी, भिंतींना रंग, सगळं जागच्या जागी. वर निळी ताडपत्री आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी शीतल. आमच्या टेपवाडीतली पहिली पदवीधर, आणि तीही स्थापत्य अभियंता. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण सांगितलं नाही तर लोक मला कंपनीच्या कागदावर सही घ्यायला आलेली मुलगी समजतात. पुण्याजवळ सोलापूर रस्त्याला एका कारखान्यात घरं तयार होतात, तिथे मी नोकरीला आहे. मोटारी जशा एका रांगेत पुढे सरकत तयार होतात तशी ही घरं. पहिल्या टप्प्यावर लोखंडी सांगाडा, मग भिंती, मग वायरी आणि नळ, शेवटी रंग. दिवसाला एक घर बाहेर पडतं.

टेपवाडी म्हणजे कोकणात, सावर्ड्यापासून आत, डोंगराच्या उतारावरची एकवीस घरं. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या उताराला वरून खालपर्यंत भेग गेली. माणूस एकही गेला नाही, दोन गोठे गेले. तेव्हापासून पाऊस लागला की अख्खी वाडी शाळेच्या वर्गांत राहायला जाते आणि पोरं व्हरांड्यात शिकतात. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, जागा मंजूर झाली, जोती घालून झाली, पण चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, एकवीस घरं उभी करायला दोनतीन वर्षं तरी हवीत. तोवर काय? तहसील कार्यालयाने दुसरा रस्ता दाखवला होता : तालुक्याच्या गावात तीन वेगवेगळ्या इमारतींत खोल्या. म्हणजे माणसं सुरक्षित, पण वाडी संपली. शिमग्याला पालखी आली तर कुठल्या जिन्याने वर चढवणार?

तेव्हा मीच कारखान्याच्या साहेबांच्या टेबलावर फाईल नेऊन ठेवली, की ही घरं आपण देऊ. ठरलं असं की नमुन्याचं एक घर सड्यावर बसवायचं, वाडीने ते बघायचं आणि रविवारच्या बैठकीत हो किंवा नाही लिहून द्यायचं. हो आलं तर बाकीची वीस पावसाआधी. नाही आलं तर तीन इमारती.

तर ट्रेलरवर जे चाललं होतं ते माझ्या आईबापाचं घर होतं, आणि माझ्या वाडीचं नशीबही.

पाटणपर्यंत

ट्रेलर चालवणारे महादूभाऊ बार्शीकडचे. रुंद माल असल्यामुळे फक्त दिवसा चालायची परवानगी, म्हणून पहिला मुक्काम पाटणला पडला. वाटेत जिथे जिथे चहाला थांबलो तिथे लोक ताडपत्रीकडे बघून ओळखायचा खेळ खेळत.

"काय ओ, पोलीस चौकी हाय काय?"

"न्हाय, एटीएम असंल."

कऱ्हाडच्या पुढे एका म्हातारबुवांनी ट्रेलरला पूर्ण फेरी मारली आणि गंभीरपणे विचारलं, "आत कोण ऱ्हातं?"

"अजून कुणी नाही," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात माझे वडील राहतील."

"वडलांना खोक्यात घालतीस व्हय गं?" असं म्हणून ते निघून गेले. महादूभाऊ इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मी नाही हसले. हाच प्रश्न पुढे कोण कोण विचारणार आहे, हे मला ठाऊक होतं.

महादूभाऊंच्या गावाकडे जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर सपाट मातीचं छत, उन्हाळ्यात त्यावरच झोपायचं. "तुमच्याकडं छतावर झोपत न्हाईत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे छतावर झोपलेला माणूस कौलांवरून घरंगळत थेट माडाच्या आळ्यात पडेल. जेवताना त्यांनी ज्वारीच्या दोन भाकऱ्या झुणक्याबरोबर संपवल्या, तिसरी फडक्यात बांधून घेतली. "कोकणात भाकरी मिळंल न मिळंल," म्हणाले.

कुंभार्ली घाट

सकाळी घाटाला लागलो. मी कॉलेजला असताना हा घाट एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून शंभरदा उतरले असेन, पण घर मागे घेऊन उतरताना तो वेगळाच दिसतो. प्रत्येक वळणावर महादूभाऊ ट्रेलर थांबवत, खाली उतरत, वळण पायांनी मोजत, परत चढत. वळणाच्या टोकाशी मी लाल फडकं घेऊन उभी. मागे गाड्यांची रांग.

एका वळणावर मागचा तुकडा कठड्यापासून वीतभर राहिला. एक गाडीवाला काच खाली करून ओरडला, "ओ मॅडम, घर घेऊन कुठं निघालात? गावाला जागा नाही का?"

"जागा आहे, घर नाही," मी ओरडले. "म्हणून नेतेय. दोन मिनिटं थांबा, घाटाखाली पोफळीला लवकर पोचलात म्हणून कुणी हार घालणार नाही तुम्हाला."

गाडीवाल्याने काच वर केली. महादूभाऊ केबिनमधून म्हणाले, "ताई, तुमी घाट उतरला की आवाज बदलला बगा तुमचा."

खरं होतं ते. कारखान्यात मी हळू बोलते. तिथे सगळे पुण्याच्या वळणाचं बोलतात, आणि मी तोंड उघडलं की कुणीतरी हमखास विचारतं, "रत्नागिरी साइड का?" पहिल्या वर्षी मला त्याची लाज वाटायची. त्या लाजेने काय करून ठेवलं होतं, ते मला अजून कळायचं होतं.

तात्यांचा गडगा

सावर्ड्याला बाजारात चहा घेतला, तिथेही पोलीस चौकी आणि एटीएम झालं. मग आतल्या रस्त्याला लागलो. गावात शिरायच्या आधी एक वळण आहे. डाव्या हाताला ओढा, उजव्या हाताला तात्यांची आंब्याची बाग आणि तिला कमरेएवढा जांभ्या दगडांचा गडगा. रचलेल्या दगडांची नुसती भिंत, चुन्यामातीशिवाय उभी. आठवड्यापूर्वी मी हे वळण टेपने मोजून गेले होते आणि कागदावर ट्रेलर बसत होता. पण कागदावर मी ट्रेलरचं डोकं आणि मागची माल लादायची पाटी वेगवेगळी वळतात हे धरलं आणि पाटीच्या बाहेर वीतभर आलेला घराचा कोपरा धरायचा विसरले. पहिली चूक. लिहून ठेवते, कारण दुसरी मोठी आहे.

गडगा दहा हात तरी उतरवावा लागणार होता. तात्या बागेतून काठी टेकत आले. त्यांचं घराणं गावात जुनं, बाग मोठी, बोलणं तोलून मापून.

"शीतल, तू शिकलीस याचा मला आनंद आहे. पण हा गडगा माझ्या आजोबांनी घातलाय. याचा एक दगड हलायचा नाही."

तोवर वाडीतली माणसं वळणावर जमली होती. मे महिना लागलेला, मुंबईहून चाकरमानी आलेले, त्यामुळे पुरुषमाणसंही बरीच. त्यांत बाबा होते. बाबा म्हणजे पंचक्रोशीतले चिऱ्याचे गवंडी. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. आयुष्यात कुणाशी मोठ्याने बोलले नाहीत. ते पुढे आले.

"तात्या, गडगा तुमच्या आजानं नाय घातलान. तुमच्या आजानं घालून घेतलान. घातलान तो माज्या आजानं. दर पावसात ढासळला की मी रचतो. यातला कुटला दगड कुटं बसता, तो मला डोळे मिटून ठावा हाय. दिस बुडायच्या आत होता तसा करून देतो. एक दगड इकडचा तिकडं झाला तर बोला."

तात्यांनी गडग्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. "इथपासून इथपर्यंत. आणि कलमाच्या मुळाला पाय लावायचा नाही."

बायापुरुष ओळीने उभे राहिले आणि दगड हातोहात बाजूला गेले. जसे निघाले तशाच क्रमाने बाबांनी ते गवतावर मांडून ठेवले, जणू कुणाचं ताट मांडतायत. ट्रेलर पार झाला. संध्याकाळी मी परत येऊन पाहिलं तर गडगा उभा होता आणि तात्या खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्याकडून तेवढी पुष्कळ.

जेवायला महादूभाऊ आमच्या घरी. आईने तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि कच्च्या फणसाची भाजी केली होती. महादूभाऊंनी भाकरी उचलून उजेडात धरली.

"वैनी, ही भाकरी हाय का रुमाल?"

"खाऊन बगा आदी," आई म्हणाली. "तुमच्या भाकरीवानी दात पाडणारी नाय."

चौथ्या भाकरीला त्यांनी फडक्यातली ज्वारीची भाकरी गुपचूप कुत्र्याला घातली. ते मी पाहिलं.

सड्यावर

सकाळी दहाला हायड्रा क्रेनने पहिला तुकडा उचलला. साडेबाराला दोन्ही तुकडे जोत्यावर बसून, एकमेकांना बोल्टांनी आवळून, घर उभं होतं. अडीच तास. सड्यावर सावली नावालाही नाही, काळा कातळ तापलेला, तरी सगळी वाडी बघायला उभी होती. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा एका चाकरमान्याने शिट्टी मारली. मला वाटलं, झालं काम.

बाबा पुढे आले. पंच्यातून ओळंबा काढला, दोरीला बांधलेलं ते पितळी वजन, आजोबांच्या हातचं. चारही कोपऱ्यांना लावला. प्रत्येक कोपऱ्याला एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले.

"ओळंब्यात हाय," एवढंच म्हणाले. मग भिंतीवर बोटाने टकटक केली. "पण आतून बोलता. चिरा बोलत नाय."

लोक आत शिरले. कुणी नळ सोडला, कुणी पंखा लावला. "डबा हाय डबा, पण थंड हाय," असं एकजण म्हणाला. ते खोटं नव्हतं, भिंतीच्या पोकळीत उष्णता अडवणारा थर आहे. बायका ओट्याशी उभ्या राहून उंची बघत होत्या. सगळे भिंती बघत होते, फरशी बघत होते, दारं उघडून मिटून बघत होते.

सखूआत्ये मात्र मधोमध उभी राहून वर बघत होती. सखूआत्ये बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरीच राहिली, आणि वाडीत कुठल्या सणाला काय लागतं ते सगळं तिच्या डोक्यात. तिने छताचा एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला, मग माझ्याकडे वळली.

"बाय, मंडपी कुटं टांगायची गो?"

घरातली सगळी डोकी वर वळली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गणपती येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात. तिला आमच्याकडे मंडपी म्हणतात, खाली सिंधुदुर्गात माटवी. तिला आंब्याचे डहाळे, नारळ, सुपारीचे घड, काकड्या, कवंडळं, रानातली असतील नसतील ती फुलंफळं बांधतात. सगळी मिळून दोन माणसांनी उचलायची होते. ती घराच्या वाशांना बांधतात. मुंबईला चाकरीला गेलेला माणूस वर्षभर कुठेही राहो, मंडपी बांधायला घरी येतो. ज्या घरात मंडपी बांधता येत नाही त्याला आमच्याकडे घर म्हणत नाहीत. गोदाम म्हणतात.

आणि आमच्या घराच्या छताला पांढरे गुळगुळीत तक्ते होते. पंख्यापुरता एक आकडा सोडला तर वर काही बांधायला जागाच नव्हती. तक्त्याला दोन नारळ टांगले असते तर तक्त्यासकट खाली आले असते.

"वासे नायत," कुणीतरी म्हणालं.

"मग गणपती काय पंख्याखाली बसवायचा?" दुसरा म्हणाला. कोणी हसलं, पण ते हसणं चांगलं नव्हतं. लोक एकेक करून बाहेर पडले. अर्ध्या तासापूर्वी शिट्टी मारणारा माणूस चपला घालताना म्हणाला, "त्यापरीस इमारतीतली खोली बरी. निदान स्लॅबला आकडे ठोकून गणपती तरी नीट बसंल."

आता दुसरी चूक सांगते.

आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात नकाशे पक्के करायची बैठक झाली होती. मोठं टेबल, बाहेरून आलेले सल्लागार, सगळे भराभर बोलणारे. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं, "शीतल, तू तिकडचीच. तिथल्या लोकांना काही वेगळं लागतं का?" माझ्या डोळ्यांसमोर पहिली आली ती मंडपी. अगदी नारळांसकट आली. पण माझ्या मनात आलं, आपली पहिली मोठी बैठक, इथे एवढी शिकलेली माणसं बसलीत, आणि आपण काय गणपतीची चौकट घेऊन बसायचं? 'रत्नागिरी साइड' म्हणून हसतील. मी म्हटलं, "नाही सर, काही वेगळं लागत नाही."

शिकले होते ना मी. शिकलेल्या मुलीने एवढं गप्प बसायचं?

पाण्याच्या टाकीखाली

सड्यावर फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली मिळते. शनिवारी दुपारी तिथे उभी राहून मी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

साहेब समजूतदार आहेत, पण कारखाना त्यांच्या रक्तात आहे. म्हणाले, "शीतल, आपण वीस घरं बनवत नाही. आपण एकच घर पुन्हा पुन्हा बनवतो. म्हणून तर ती वेळेत होतात. एका गावासाठी बदल केला की दुसरं गाव मागतं, मग आपल्यात आणि नाक्यावरच्या कंत्राटदारात काय फरक राहिला?"

"सर, एकच घर पुन्हा पुन्हा बनवायचं असेल तर चूकही पुन्हा पुन्हाच बनेल."

साहेबांनी लगेच ती जुनी बैठक काढली.

"बैठकीत तुला विचारलं होतं मी."

"हो. आणि मी नाही म्हटलं. ती चूक माझी आहे, मी कागदावर लिहून देते. पण माझी चूक एकवीस घरांनी का भोगायची? नमुन्याच्या घराच्या कागदावर साइटवरून माझी सही लागते. ही सोय झाल्याशिवाय मी सही करणार नाही."

"तू कंपनीची आहेस की गावची?"

"दोन्हींची. तेवढ्यासाठीच ठेवलंय ना मला?"

साहेब शेवटी म्हणाले, "रांग अर्ध्या दिवसापेक्षा जास्त थांबणार नाही असं काही असेल तर मंगळवारी इथे येऊन दाखव. छत किती वजन घेतं, माझ्यासमोर दाखव. नाही जमलं तर विषय बंद."

रविवारी वाडी देवळात बसली. मी उभी राहिले आणि जे झालं होतं ते सगळं सांगितलं, बैठकीतलं माझं 'नाही' सुद्धा. मान खाली घालून नाही सांगितलं. म्हटलं, चुकले, आता दुरुस्त करायला चाललेय. तुमचा होकार किंवा नकार चार दिवस थांबवा.

"आनि तुजी नोकरी गेली तर?" सखूआत्येने विचारलं.

"गेली तर गेली. पदवी तर नेणार नाहीत ना काढून?"

तेव्हा बाबा उठले. म्हणाले, "हिला मंडपी टांगता येत नाय. ही पोरगी कागूद करील, पन वाशाला दोरी कशी मारायची तो हिला कोन दाखवनार? मी जातंय हिच्याबरोबर."

परतीचा ट्रेलर

रिकाम्या ट्रेलरच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. बाबा कुंभार्लीच्या वर कधी गेले नव्हते. पाटणच्या पुढे सपाटी लागली तशी त्यांनी एकदाच विचारलं, "हितं पानी कुटं वाहून जाता?" महादूभाऊंनी सांगितलं, "काका, हितं पानी वाहून जात न्हाय, हितं पान्याची वाट बगत्यात." बाबांना ते फारच नवल वाटलं. रात्री मुक्कामाला ज्वारीची भाकरी आली. बाबांनी ती दोन्ही हातांनी मोडली आणि महादूभाऊंना म्हणाले, "तुमची भाकरी चिऱ्यासारखी हाय. ओळंब्यात हाय, पन कडक हाय."

कारखान्याच्या फाटकावर हेल्मेट दिलं. बाबा टोपी काढेनात. शेवटी टोपीवर हेल्मेट घालून आत गेले. शेडमध्ये आठदहा घरं ओळीने उभी, काही नुसते सांगाडे, काही अर्धवट. बाबा ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, वाटेत प्रत्येक सांगाड्याला हात लावत. मग एका सांगाड्यात शिरले, वर बघितलं आणि कोळशाने जमिनीवर चौकट काढली. मंडपी एवढी. चार कोपऱ्यांवर चार फुल्या.

वेल्डरला समजायला भाषणाची गरज पडली नाही. फुल्यांच्या बरोबर वर, सांगाड्याला आडवे दोन चौकोनी पाइप जोडले, त्यांना चार लोखंडी कड्या. छताचा तक्ता लागला की फक्त कड्या खाली दिसतील. एका घराला पाऊण तासही लागला नाही.

साहेब आले. वाळूची पोती कड्यांना टांगली. पाइप हलला नाही.

"एवढं वजन पुरे," साहेब म्हणाले.

"नाय पुरे," बाबा म्हणाले. "आमच्याकडचा नारळ मोटा असता."

आणखी एक पोतं चढवलं. सगळी पोती उतरवल्यावर बाबांनी एक स्टूल मागितलं, त्यावर चढले, खांद्यावरचा पंचा एका कडीतून ओवला, दोन्ही टोकं मुठीत धरली आणि पाय उचलले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझा बाप टोपीवर हेल्मेट घालून कारखान्याच्या घरात लोंबकळत होता. वेल्डरने हातातलं काम थांबवलं. साहेबांनी चष्मा काढला. मी मोजत होते, वीसपर्यंत मोजलं.

बाबा खाली उतरले, पंचा झटकला आणि साहेबांना म्हणाले, "आता लिवा कागदावर. ऱ्हाता म्हणून."

साहेब हसले. मग विचारलं, "काका, पुढे व्हरांडा नाही घराला. तेही हवं असेल ना?"

"पडवी? ती आमी घालू चिऱ्याची. तो तुमाला जमायाचा नाय."

मग साहेबांनी नकाशा मागवला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुझ्या वीस घरांसाठी वेगळा नकाशा काढायचा का?"

मी विचार केला. वेगळा म्हणजे पुन्हा 'त्या रत्नागिरीवाल्यांसाठी'. पुन्हा एका कोपऱ्यात.

"वेगळा नको, सर. तुम्हीच म्हणता ना, एकच घर पुन्हा पुन्हा? मग कड्या सगळ्यांनाच द्या."

साहेबांनी पेन काढलं आणि नकाशावर सही केली.

त्यानंतर

वाडीचा होकार आला. वीस घरं आली. मृगाला दोन दिवस असताना शेवटचं बसलं. तात्यांचा गडगा तीन आठवडे उतरलेलाच राहिला. यावेळी रेघ तात्यांनी नाही ओढली, बाबांनी ओढली, आणि शेवटच्या दिवशी बाबांनी तो पुन्हा रचला. नमुन्याच्या घराचं छत उघडून त्यातही कड्या बसवल्या. पडव्या अजून चालू आहेत. आमच्या पडवीचा चिरा सगळ्यात उशिरा लागला, गवंड्याचं घर ना.

भाद्रपदात एकवीस घरांत एकवीस मंडप्या लागल्या. आमची मी बांधली. पहिली दोरी सुटली, नारळ माझ्या पायावर पडला, आणि सखूआत्ये म्हणाली, "इंजिनेर बाय, गाठ मारायला कुटल्या कॉलेजात शिकवतात?"

दिवाळीच्या सुमारास महादूभाऊंचा फोन आला. त्यांच्याच जिल्ह्यात, ऊसतोड कामगारांच्या वस्तीवर घरं पोचवायला गेले होते. ती आमच्याच नकाशाची.

"ताई, हितल्या बाया इचारत्यात, वर चार कड्या कशाला?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हनलं, कोकणातल्या एका म्हाताऱ्यानं लोंबकळून बघितल्यात, भ्यायचं न्हाय. आता एकीनं पाळना टांगलाय. आन शेजारनीनं मक्याची कणसं."

ज्यांना आमची घरं खोकी वाटतात त्यांनी यावं. सावर्ड्यापासून आत, तात्यांच्या बागेच्या वळणावरून वर. दार उघडं असतं. आत आलात की आधी वर बघा.